वहिनींची सीट

काटेवाल्यांनी बायकोला बाहेर काढलं, ही बातमी गल्लीत आणली वरच्या मजल्यावरच्या काकूंनी. दुपारपर्यंत बातमी चार घरं फिरून आली तेव्हा तिला एक वकील चिकटला होता, आणि संध्याकाळी तर दुसरी बाईसुद्धा मिळाली. खरं एवढंच होतं, की काटेवाल्यांनी बायकोला नव्हे, बायकोची सीट बाहेर काढली होती. गाडीतली, ड्रायव्हरशेजारची. वहिनी पिशवी घेऊन बसस्टॉपवर उभ्या आहेत आणि काटेवाले त्यांच्या नाकासमोरून एकटेच गाडी हाकत निघून गेले, एवढं काकूंनी पाहिलं. बाकीचं घरी येऊन रचलं. काकूंची नजर अधू असली तरी डोकं ठणठणीत आहे.

शहराबाहेर ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा आहे, तिथले हे काटेवाले. तेवीस वर्षं त्याच पत्र्याच्या खोलीत, त्याच खिडकीशी. बाहेर लोखंडी फलाटावर ट्रक चढतो, आत डब्यावर लाल आकडे पळतात, दमतात, थांबतात, आणि काटेवाले पावती फाडतात. मग ट्रकवाला भांडायला येतो, की आठ-दहा किलो जास्त दाखवताय. काटेवाले मान वरसुद्धा करत नाहीत. म्हणतात, "हा काटा वीस-वीस किलोंच्या उड्या मारतो. मधलं त्याला दिसत नाही. आठ किलो जास्त असतील, आठ किलो कमीही असतील. पुढचा या." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेत उठवलं तरी म्हणतील.

असल्या शांत माणसाला गाडीचं वेड कुठून लागलं, हे वहिनींनाही सांगता येत नाही. चार दारांची, टर्बो इंजिनाची, सेकंडहँड घेतलेली गाडी. दिसायला कारकुनाची, पळायला चोराची. दर वर्षी जवळच्या घाटात मोटार क्लबची शर्यत होते: एकेका गाडीने खालून वर जायचं, घड्याळ लावून. तिथे गट दोनच. ड्रायव्हर आत बसलेला असताना गाडी तेराशे किलोंपर्यंत भरली तर हलका गट, त्यापुढे जड. काटेवाले आणि त्यांची गाडी मिळून पंधराशे. म्हणजे जड गटात, दुप्पट ताकदीच्या इंजिनांबरोबर. तिथे त्यांचा नंबर सात वर्षं शेवटचा आला. यादी खालून वाचली तर पहिला, असं गल्लीत म्हणायचे, आणि तेही हसायचे. तेच इंजिन हलक्या गटात पळालं असतं तर पहिल्या पाचात आलं असतं. आयुष्यात एकदा आपलं नाव यादीच्या वरच्या अर्ध्यात बघायचं, एवढीच त्यांची हाव होती.

यंदा क्लबचं पत्र आलं, की पुढच्या वर्षापासून पंधरा वर्षं झालेल्या गाड्या घेणार नाही. गाडीला चौदा झाली होती.

"दोनशे किलो उतरवायचे," काटेवाले मिस्त्रीला म्हणाले. मिस्त्री त्यांचा जुना दोस्त, कोपऱ्यावर त्याचं गॅरेज.

"उतरवू. पण मग तिला गाडी म्हणायचं का ते तुम्ही ठरवा."

सुरुवात झोकात झाली. मागची सीट निघाली, स्टेपनी आणि जॅक निघाला, एसीचा सगळा संसार निघाला. स्टीलचं बॉनेट जाऊन कार्बन फायबरचं आलं, एका हाताने उचलता येईल असं. ढब्बू बॅटरीच्या जागी डब्याएवढी लिथियमची. सायलेन्सर बदलला, चाकं बदलली. मागची काच जाऊन पारदर्शक प्लास्टिक आलं, त्यातून मागचं जग धुक्यात असल्यासारखं दिसे. सगळ्यात जास्त हाल झाले ते गाडीच्या जमिनीवरचा डांबरी थर खरवडताना. आवाज आत येऊ नये म्हणून कंपनीने चिकटवलेला तो. हीटगन मारायची, पटाशी घालायची, पापुद्रा निघाला की बादलीत टाकायचा. काटेवाले सलग तीन रविवार गाडीत ओणवे होते. नंतर गाडी गल्लीत शिरली की डबे भरलेलं पिंप गडगडत आल्यासारखं वाटे, आणि काकू गॅस बंद करून गॅलरीत येत.

काढलेलं सगळं घरी. मागची सीट बैठकीच्या खोलीत सोफा झाली. पाहुणा टेकला की पट्ट्याचं बक्कल त्याच्या पाठीत टोचे.

गाडीचं उरकलं तसे काटेवाले स्वतःच्या मागे लागले. रात्रीचं जेवण सोडलं, साखर सोडली. दोन महिन्यांत नऊ किलो. गालफडं बसली.

"अहो, गाडीला इंजिन आहे, तुम्हाला काय आहे?" वहिनी म्हणाल्या.

"थोडे दिवस गं."

"मागची सीट काढलीत तेव्हाही थोडेच दिवस होते."

दर संध्याकाळी काम संपलं की गाडी फलाटावर चढवायची, स्वतः आत बसायचं आणि खिडकीतून आकडा वाचायला मिस्त्रीला उभं करायचं. तेराशे वीस. दारांची अस्तरं काढली, तेराशे वीस. गालिचा काढला, तेराशे वीस. आकडा ढिम्म. तेवीस वर्षं लोकांना ऐकवलेलं वाक्य त्यांना एकदाही आठवलं नाही. उरली होती फक्त वहिनींची सीट.

ती काढायच्या आदल्या दिवशी त्यांनी वहिनींना समजावलं. "चार बोल्ट आहेत. शर्यत झाली की त्याच जागी परत. तुझी जागा कुठे जात नाही." लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. दोघं घराबाहेर एकत्र अशी जायची ती याच गाडीतून, रविवारी, कुठेही न उतरता तासभर फिरून यायची. वहिनी बाहेर बघायच्या, काटेवाले गिअरबद्दल बोलायचे, आणि दोघंही खूश असायची.

सीट निघाली. मिस्त्री खिडकीतून म्हणाला, "तेराशे. काटेवाले, तेराशे आला." त्या दिवशी काटेवाल्यांनी चहात साखर घेतली.

शर्यतीच्या दिवशी वहिनी दोन बस बदलून घाटाच्या पायथ्याशी पोचल्या, हातात पाण्याची बाटली. तिथे क्लबच्या तपासनीसाने जमिनीवर वजनाचे चार पाट मांडले होते, एकेका चाकाखाली एक. छोटे, चकचकीत, किलोकिलोने बोलणारे. काटेवाले हेल्मेट घालून आत बसले. तपासनीसाने आकडा वाचला. "तेराशे आठ."

"काट्यावर तेराशे भरली होती."

"कुठल्या काट्यावर?"

मिस्त्री म्हणतो, काटेवाल्यांचा चेहरा बघवत नव्हता. वीस-वीसच्या उड्यांमधले ते किलो आता ते स्वतःच मोजत होते.

तपासनीस भला माणूस. "अर्धा तास देतो. तेराशे करा, नाहीतर जड गट."

मिस्त्रीने नळी घालून चार लिटर पेट्रोल काढलं. याहून जास्त काढलं असतं तर वळणावर पंपाने हवा ओढली असती. तीन किलो गेले. भोंगा, आतला आरसा, पायाखालचा पत्रा काढला, आणखी एक. तेराशे चार. मग दोघांनी गाडीत डोकं घालून पाहिलं. आत काढण्यासारखं एकच राहिलं होतं, वहिनींची सीट ज्यावर बसायची ते लोखंडी टेकू. जमिनीला वेल्ड केलेले, बोल्टची भोकंही त्यांतच.

"हे कापलं की सीट परत बसायची नाही," मिस्त्री म्हणाला. "कायमची."

काटेवाल्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पाच हातांवर उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं.

"कापा," त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी कशाला थांबता?"

मिस्त्रीने कटर लावला. ठिणग्या उडाल्या, उन्हात दिसल्यासुद्धा नाहीत. गाडी परत पाटांवर गेली. तेराशे एक.

एक किलो. काटेवाल्यांनी बूट काढायला घेतले, तपासनीस म्हणाला बुटांशिवाय सोडता येत नाही. अर्धा तास संपला होता. (गल्लीत पुढे असंही पसरलं, की वहिनींनी आयत्या वेळी पाणी पाजलं म्हणून तो किलो वाढला. खोटं आहे. आदल्या संध्याकाळपासून काटेवाल्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. वहिनी ती बाटली भरलेलीच घरी घेऊन आल्या.)

काटेवाले जड गटात पळाले. आठव्या वर्षीही शेवटचे आले. वर पोचून गाडी वळवली, खाली आले, आणि दार उघडलं. शेजारी गाडीच्या जमिनीवर कापलेल्या लोखंडाचे चार चौकोन चकाकत होते.

"मी निघते," वहिनी म्हणाल्या. "पावणेपाचची चुकली तर पुढची सातला आहे."

"मी येतो मागोमाग."

"सावकाश या. गडगडतं फार."

आता ती सीट बैठकीत सोफ्याशेजारी, लाकडी फळीवर बसवली आहे. वहिनी तीत बसून टीव्ही बघतात. रविवारी संध्याकाळी काटेवाले सोफ्यावर येऊन बसतात, गिअरबद्दल मात्र काही बोलत नाहीत. गाडी खाली उभी असते. पुढच्या वर्षी तिला घाटात घेणार नाहीत, आणि एरवी दोघांनी जावं अशी ती राहिली नाही. मिस्त्रीने नवे टेकू वेल्ड करून पाहिले, पण कापताना जमीन विरली होती, पत्रा जळून भोकं पडली. नऊ किलो मात्र काटेवाल्यांच्या अंगावर भराभर परत आले.

गेल्या आठवड्यात काट्यावर एक ट्रकवाला आला. पावती बघून नेहमीसारखा तणतणला नाही, उलट हसत खिडकीशी टेकला आणि म्हणाला, "जाऊ द्या काका, आठ किलो इकडचे तिकडे. आठ किलोंनी काय होतं?"

काटेवाल्यांनी या खेपेला मान वर केली.

"माझी बायको बसने घरी जाते."