सरकारसाठी वाढलेला डबा

घिवलीच्या रंभाबाई अंगाने काडी, पण घरात हुकूम त्यांचाच. मुलगा सुजित बोईसरच्या कारखान्यात, सून सपना, दोन नातवंडं. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय बाई जेवायला बसत नाहीत.

माझी त्यांची गाठ पडली ती सरकारी पाहणीत. माशांतून माणसाच्या पोटात कोणते धातू किती जातात, हे मोजायचं होतं. माणूस तीन दिवस जे जेवेल, तेवढंच आणि तसंच दुसऱ्या डब्यात काढून ठेवायचं. डबा प्रयोगशाळेत जातो, आणि तिथला आकडा व माणसाचं वजन पाहून ठरतं, रोज इतकं खाल्लं तर चालेल की नाही. डबा कसा भरायचा, हे मी रंभाबाईंना दोनदा समजावलं. त्यांनी दोनदा मान डोलावली.

पहिल्या दिवशी डब्यात पापलेटाची मधली तुकडी आणि कोळंबीचं कालवण. आमच्या साहेबांच्या घरीही एवढं शिजत नसेल. दुसऱ्या दिवशी सुरमई. तिसऱ्या दिवशी मी जरा लवकर पोचले, तर बाई चुलीपाशी एकट्याच जेवत होत्या. ताटात भात, कालवणाचं पाणी, माशाचं डोकं आणि काळजाचे दोन तुकडे. चांगल्या तुकड्या शेजारच्या डब्यात.

मी चिडलेच. काही धातू मांसापेक्षा काळजात, म्हणजे यकृतातच, जास्त साठतात, आणि माझ्या कागदांवर बाई पापलेट खाऊन सुखरूप होत्या! तीन दिवस पाण्यात गेले, असं मी त्यांना फटकन बोलले.

"सरकारला डोकी कशी वाढू, बाय?" त्या म्हणाल्या. "पावन्याला असं वाढत नाय आमी."

मला माझीच लाज वाटली. पद्धत सांगितली होती, कारण सांगितलंच नव्हतं. मग त्यांच्याजवळ बसून सांगितलं, की हा डबा पाहुण्याचा नाही, तुमचाच आहे. तुमच्या जिवाला काय सोसेल, ते यावरून ठरणार. माझ्या जिवाची कसली एवढी मोजणी, म्हणून त्या हसल्या. पण पुन्हा तीन दिवस द्यायला तयार झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खऱ्या जेवणाचा डबा दिला. देताना झाकण दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं होतं.

"सुजितला सांगू नको," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला वाटते, मी माझी तुकडी काढून ठेवते."

डब्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो, असं मी सांगितलं. त्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं.