ट्रेलरचा न मोजलेला भार

मुलगी कॉलेजला जाण्याआधी तिघांनी थोडं फिरावं, म्हणून आम्ही आत राहता येईल असा एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. तो गाडीमागे ओढायचा तर दोघांना जोडणारा चांगला हिच हवा, आणि वाऱ्यात ट्रेलर डोलू नये म्हणून त्याला स्वे कंट्रोल. आमच्या अर्विंग शहराजवळच्या दुकानातला म्हातारा विक्रेता म्हणाला, "आधी सगळं सामान भरून ट्रेलर इथे आणा. हिचवर किती भार येतो ते मोजू, मग कुठला घ्यायचा ते ठरवू. मोजणं फुकट."

फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. सॉफ्टवेअर तपासण्यात आयुष्य गेलं. समोरचा काय लपवतोय, हेच आधी शोधायची सवय लागलेली. ट्रेलर एकदा याच्या आवारात गेला की हा सगळ्यात महागडा हिच गळ्यात मारणार, अशी माझी खात्री झाली. इंटरनेटवर मत देणारेही मला विकले गेलेले वाटले. शेवटी मीच तक्ता बनवला, माहितीपत्रकातलं रिकाम्या ट्रेलरचं वजन घेतलं आणि एक हलका हिच मागवून घरीच बसवला.

बायकोनं विचारलं, "त्या दुकानातल्या काकांकडे भार मोजलास ना?"

"हो, मोजला."

इतकं सहज खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "तुला डेंटिस्टचासुद्धा संशय येतो." ते ऐकायचं नव्हतं, एवढंच कारण.

चार कुटुंबांची सहल ठरली. ट्रेलर आमचा, म्हणून सगळ्यांचं सामान आमच्याकडे. तांदळाची पोती, दोन मोठे कुकर, पाण्याचे कूलर, घडीची टेबलं. पोचल्यावर पटकन काढता यावं म्हणून मी ते सगळं ट्रेलरच्या अगदी मागे रचलं. पुढचा भाग जवळजवळ रिकामा राहिला.

हायवेवर एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि मागचा ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक वेळी जास्त. स्टिअरिंग हातात असून गाडी माझी राहिली नव्हती. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, हाताजवळच्या स्विचनं नुसते ट्रेलरचे ब्रेक लावले. हेलकावे कमी होत गेले आणि आम्ही कडेला थांबलो.

बायकोनं शांतपणे विचारलं, "मोजला तेव्हा भार किती भरला होता?"

मी आरशात मागचा ट्रेलर बघू लागलो. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, यू सेड यू चेक्ड."

मी कबूल केलं. भार मागे असला की ट्रेलर डोलतो, म्हणून जड सामान आम्ही तिघांनी मिळून पुढे आणलं आणि सावकाश त्याच दुकानात गेलो. सहल कॅन्सल केली.

विक्रेत्यानं भार मोजला आणि एक जड हिच दाखवला. मी लगेच म्हणालो, "याहून स्वस्त चालणार नाही?"

"तू थांब," बायको म्हणाली. तिनं त्याला एकेक गोष्ट विचारली: का, किती, कशावरून. तोही न कंटाळता समजावत राहिला. त्यानं आकड्याची चिठ्ठी माझ्यापुढे धरली, तेव्हा मधूनच तिनं ती घेतली, स्वतः वाचली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.

त्यानंतर दर प्रवासाआधी मी "सगळं बघितलं" म्हणतो. ती मान डोलावते, चपला घालते आणि स्वतः बघून येते.