बिगुलाचं बटण

आमच्या भागातल्या गाण्याच्या कार्यक्रमात गाणं कधीच सलग होत नाही, आणि मला त्याची शिसारी येते. गाणं रंगात आलेलं असतं, तेवढ्यात मांडवाच्या दाराशी एखादी पांढरी गाडी थांबते. झालं. गायक हात वर करतो, ओळ अर्धी टाकतो आणि माईकवर पाहुण्याचं नाव पुकारतो. कीबोर्डवाल्यानं लगेच बिगुल वाजवायचा. पाहुणा कोण, सरपंच की सभापती की नुसता कुणाचा साडू, हे त्यानं विचारायचं नसतं.

मी तो कीबोर्डवाला. बुद्ध-भीमगीतांच्या एका पार्टीत बरीच वर्षं वाजवतो. पार्टी ज्यांची आहे त्या गायकांना आम्ही मास्तर म्हणतो. माझा कीबोर्ड महागाचा नाही. त्यावर आवाज बदलायचं बटण दाबलं की वाजत असलेला सूर तिथंच तुटतो, आणि नवा आवाज जुन्यापेक्षा मोठा असेल तर अंगावर येतो. हा तुटका सूर मला सहन होत नाही. म्हणून मी घरी बसून सगळे आवाज एकसारखे करून ठेवले. पेटी, व्हायोलिन, बासरी, सगळ्यांची पातळी सारखी. बटणंही गाण्यात लागतात त्या क्रमानं लावली. बटण दाबायचं ते समेवर, ढोलकीची थाप पडते त्या क्षणी. तुटलेला सूर त्या थापेखाली दबून जातो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, एकच वाद्य हळूच दुसरं झालं. यावर मास्तर मला म्हणायचे की एवढं कोण ऐकतो रे. शेवटचं बटण मात्र त्यांनी बिगुलासाठी राखून ठेवायला लावलं होतं. ते बटण मी रुमालानं झाकून टाकावं असं मला कितीदा वाटलं.

ढाणकीजवळच्या एका गावात नुकत्याच वारलेल्या एका बाईचं पुण्यानुमोदन होतं. सकाळची वेळ, घरासमोर मांडव, त्रिसरण-पंचशील झालं की गीतं आणि मग भोजनदान. मी वायरी जोडत होतो तेव्हा त्या बाईची मुलगी जवळ आली. सासरहून महागावकडून आली होती. तिला एकच गाणं हवं होतं. मी विचारलं, कोणतं, तर ती गाण्याचे शब्द सांगायचं सोडून मधलं संगीतच गुणगुणायला लागली.

"मायजवळ कॅसेट होती भाऊ. तिच्यात पेटी कधी सरली आन् व्हायोलिन कधी सुरू झालं, समजतच नव्हतं. माय तेवढ्या जागी काम थांबवून आयके. ती कॅसेट गेली. मले तेवढं एकदा आयकाचं हाय."

इतक्या वर्षांत लोकांनी मला नाचाची गाणी सांगितली, पोलिसांच्या गाडीचा सायरन वाजवायला सांगितला, एका नवरदेवानं तर घोड्याचं खिंकाळणं मागितलं होतं. दोन सुरांमधला सांधा मागणारी ही पहिलीच. मी तिला म्हणालो, ताई, तुम्ही समोर बसा, वाजवतो. मास्तरांनाही सांगितलं की हे गाणं मध्ये तोडायचं नाही, घरच्या लेकीची इच्छा आहे. त्यांनी बरं म्हणून मान हलवली.

गाणं सुरू झालं. मी पेटीचा आवाज लावला होता. मास्तरांचा गळा चांगला आहे, ते नाकारता येत नाही. ती समोर सतरंजीवर बसली होती, पदर तोंडाशी धरून. कडवं संपलं, मधलं संगीत आलं, मी पेटीवर ती सुरावट चढवत नेली. पुढच्या समेवर व्हायोलिन. माझं बोट बटणावर जाणार, तेवढ्यात दाराशी गाडी लागली.

मयत बाईचा मुलगा, म्हणजे त्या लेकीचा सख्खा भाऊ, मांडवातून वाट काढत स्टेजकडे धावत आला. "मास्तर, साहेब आले ना. लावा लवकर."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी हात लांब करून बिगुलाचं बटण दाबलं. आणि त्यांचा ताल पक्का, त्यामुळं दाबलं तेही नेमकं समेवर, ढोलकीच्या थापेबरोबर. माझी बोटं वेगात होती, सुरावट पुढं गेली आणि तिचा पुढचा सूर बिगुलातून आला. त्याच्यापुढचाही. पातळी मीच सारखी करून ठेवली होती, म्हणून कुठं धक्का नाही, कुठं फट नाही. बोटं आवरेपर्यंत त्या माउलीच्या आवडीची अर्धी ओळ बिगुलावर वाजून गेली होती. लोकांना वाटलं, साहेबांसाठी मुद्दाम बसवलेलं आहे. टाळ्या पडल्या. साहेब हात जोडत बाईच्या फोटोला हार घालायला निघाले, चपला न काढता.

माझ्या तोंडाची चवच गेली. नंतर साहेबांचं भाषण झालं, त्यात त्यांनी मयत बाईचं आडनाव चुकवलं, आणि दुसरीकडे जायचं आहे म्हणून निघूनही गेले. मुलगा त्यांना गाडीपर्यंत सोडून आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला की काय सेटिंग केली, समजलंच नाही. तो हात झटकून टाकावा असं वाटलं. घामेजलेला, अत्तराचा वास मारणारा हात. मास्तर मात्र खूश होते. यापुढं असंच करत जाऊ, असंही म्हणाले.

मी उठून सरळ त्या लेकीकडे गेलो. मांडवाच्या मागे पत्रावळ्यांचे गठ्ठे सोडत होती. म्हणालो, ताई, चला, मास्तर नसले तरी चालेल, मी ती जागा पुन्हा वाजवतो, जशी कॅसेटमध्ये होती तशी.

तिनं मान वर केली नाही.

"राहू द्या भाऊ. मी मघापासून मनात मायची कॅसेटच लावून पाहून राह्यली. आता त्या जागी आलं का तो बिगुलच वाजते."

मग ती पत्रावळ्या उचलून पंगतीकडे गेली.