विष्णुपंत आगट्यांची शिष्यवृत्ती आणि पितळेतली कढी

गोपीनाथ हर्डीकरांना धातुशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी लखनौच्या मराठी मंडळींतल्या धातुशास्त्र शिष्यवृत्तीचे चिटणीस तेच होते, आणि ते काम त्यांनी इतकं चोख केलं होतं की बोट ठेवायला जागा नव्हती. शिष्यवृत्ती आजवर कुणाला मिळाली नव्हती, एवढंच.

विष्णुपंत आगटे रेल्वेच्या कारखान्यात ओतकामाचे इंजिनियर होते. माणूस कमालीचा अबोल. शहाऐंशी साली गेले, ते मृत्युपत्रात लिहून गेले की लखनौच्या मराठी घरातलं जे मूल पदवीनंतर धातुशास्त्र शिकेल त्याला शिष्यवृत्ती द्यावी. शेवटची परीक्षा ‘माझी पत्नी लीलावती हिच्या स्वयंपाकघरात’ घ्यावी. आणि दहाव्या वर्षापर्यंत कुणी पात्र ठरलं नाही तर त्या पैशांतून गावच्या देवळाला घंटा करावी.

परीक्षा स्वयंपाकघरात का, ते कुणाला कळलं नाही. पण लिहिलंय म्हणजे लिहिलंय.

लखनौतली मराठी मुलं बँकेच्या परीक्षा देत, रेल्वेत चिकटत, फारच हुशार असली तर सीए होत. धातूच्या वाटेला कुणी जाईना. म्हणून काही गोपीनाथरावांनी मुलाखत रद्द केली नाही, कारण रद्द करण्याची तरतूद मृत्युपत्रात नव्हती. दर जूनमध्ये अलीगंजला लीलावतीबाईंच्या घरी समिती बसे. अध्यक्ष स्वतः बाई, सदस्य रेल्वेच्या हिशेब खात्यातले चंद्रकांत सोवनी, आणि चिटणीस. समोर एक रिकामी खुर्ची. गोपीनाथराव व्हरांड्यात जाऊन “उमेदवार!” अशी हाक घालत. एकदा सब्जीवाल्यानं “हाँ बाबूजी, कितना दूँ?” म्हणून ओ दिली होती. नंतर उमेदवार अपात्र ठरे आणि मंडळी स्वयंपाकघरात पाटावर जेवायला बसत.

जेवणात कढी असे. खरी परीक्षा तीच.

बाई कढी पितळेच्या पातेल्यात करत, आणि त्या पातेल्याला आतून कल्हई नव्हती. कल्हई नसलेल्या पितळेत ताक घातलं की ते कळकतं, हे मराठी घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण बाईंचं मत ठाम होतं. “कल्हई ही कल्हईवाल्यांनी पोटासाठी काढलेली टूम आहे. हे आयुष्यभर माझ्या हातची कढी जेवले. कधी नाव ठेवलं नाही.”

मग इतरांनी कुठल्या तोंडानं ठेवायचं? पहिल्या घोटाला जीभ आखडे, दुसऱ्याला डोळ्यांपुढे कारखाना उभा राही. तरी दोघं “वा, वा” म्हणत वाटी संपवत आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण धरत. विचारलं तर सांगत, दशहरी आंबे बाधले. मलिहाबादच्या आंब्याला असलं काही बोलायचं म्हणजे या शहरात केवढं पाप! पण बाईंना दुखवण्यापेक्षा ते परवडे.

“अहो, एकदा तोंड उघडून सांगायला काय होतं?” गोपीनाथरावांची बायको वसुधाबाई ओवा पुढे करत म्हणत.

“अध्यक्षांची कढी आहे, वसुधा,” गोपीनाथराव कण्हत उत्तर देत.

शहाण्णव साल उजाडलं. दहावं वर्ष. चंद्रकांतरावांनी घंटेवर कुणाची नावं कोरायची तेसुद्धा मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि मे अखेरीस जानकीपुरमला हर्डीकरांच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली.

“काका, मैं सानिका टेंभेकर. मेटलर्जी में बी.टेक. हो गया. एम.टेक.ला अॅडमिशन मिळालीय.”

गोपीनाथरावांनी तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

सानिकाची अडचण साधी होती. वडील बँकेत. त्यांनी तिच्यासाठीही बँकेतली नोकरी हेरून ठेवली होती. “लोखंड शिकून काय लोहार होणार? तुझ्या या धातूवर पैसे घालणारा जगात एक तरी शहाणा माणूस दाखव, मग खुशाल जा,” असं त्यांनी बजावलं होतं. शिष्यवृत्ती मिळाली तर एम.टेक., नाहीतर काउंटर.

“मिळेल,” गोपीनाथराव म्हणाले. “फक्त एक कर बेटा. कढीला नाव ठेवू नकोस.”

“कौन सी कढी?”

“कळेल. वाटीभर प्यायची आणि वा म्हणायचं. बाकी परीक्षा तू पास आहेस.”

मुलाखतीच्या दिवशी त्या खुर्चीत प्रथमच माणूस बसलं. समिती गोंधळून गेली. इतकी वर्षं खुर्चीनं कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. सवयीनं गोपीनाथराव बाहेर जाऊन “उमेदवार!” ओरडले. “मी इथेच आहे काका,” सानिका आतून म्हणाली. बाईंनी घरच्यांचं विचारलं, तेव्हा तिनं वडिलांची ‘एक शहाणा माणूस दाखव’ ही अट सांगितली. चंद्रकांतरावांनी तिला घंटेच्या धातूबद्दल विचारलं. तिनं इतकं सविस्तर सांगितलं की त्यांना ते थांबवता येईना.

मग सगळे स्वयंपाकघरात आले. बाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं. सानिकानं वाकून आत पाहिलं. कडेला हिरवट वळ उठला होता.

गोपीनाथरावांनी तिला खुणावायला पाय मारला, तो चंद्रकांतरावांना लागला.

“आजी,” सानिका म्हणाली, “ये मत खाइए. कळकलीय ही. कल्हई नाहीये पातेल्याला. आंबट ताकात तांबं उतरतं, पोटाला बाधतं.”

संपलं. गोपीनाथरावांना एकीकडे घंटा दिसली, दुसरीकडे बँकेचा काउंटर.

लीलावतीबाईंचा आवाज चढला. “मी आयुष्यभर यांना हीच कढी वाढली! जन्म भट्टीपुढे गेलेला माणूस. त्यांना नसतं कळलं?”

“उनको तो पता ही होगा, आजी.”

बाईंचा डाव हातातच राहिला. त्या वळल्या. “गोपीनाथराव, तुम्हाला कळत होतं?”

“थोडंसं, वहिनी.”

“चंद्रकांतराव?”

“पहिल्या घोटापासून,” चंद्रकांतराव पाय चोळत म्हणाले.

बाई पाटावर बसल्या. त्यांनी भिंतीवरच्या विष्णुपंतांच्या तसबिरीकडे पाहिलं. तसबीर नेहमीसारखी गप्प.

“म्हणून परीक्षा माझ्या स्वयंपाकघरात होय!” त्या म्हणाल्या. “मला एवढं एक वाक्य सांगायची छाती झाली नाही, म्हणून मेल्यावर परक्याची पोर शिकवायला निघाले. अहो, माणूस म्हणावं की काय तुम्हाला!”

त्या रडतायत की हसतायत, हे कुणालाच नीट कळलं नाही. पदरानं डोळे पुसून त्यांनी पातेलं उचललं आणि कढी मोरीत ओतली.

“हिला द्या शिष्यवृत्ती. हिच्या बापाला मी स्वतः सांगते. म्हणावं, एक शहाणा माणूस होता, पण मुका होता.”

“आणि घंटा?” चंद्रकांतरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

“तुम्ही दोघं इतकी वर्षं घंटेसारखे वाजला असतात, तर ही वेळ आली असती का?”

गोपीनाथरावांवर चौकातून कल्हईवाला शोधून आणायची कामगिरी आली. त्या दिवशी मंडळी वरण-भात जेवली, आणि घरी गेल्यावर गोपीनाथरावांनी हट्टानं परातभर दशहरी खाल्ले. दुसऱ्या दिवशी ते ठणठणीत उठले. वसुधाबाईंनी ओव्याची डबी फळीवर ठेवून दिली.