सुपरवायझरच्या टेबलामागचा खिळा

टोकनं माझ्या ड्रॉवरमध्ये होती, ड्रॉवरला कुलूप होतं, आणि ऑडिटर मॅडम तिसऱ्या लाइनजवळ उभ्या होत्या.

बंगळूरच्या बाहेर, होसकोटेजवळच्या एका कपड्यांच्या फॅक्टरीत मी कम्प्लायन्स मॅनेजर होतो. कामगारांसाठीचे नियम पाळले जातात हे परदेशी खरेदीदाराला दाखवायचं, हे माझं काम. आमचे शर्ट ज्या ब्रँडकडे जात, त्याच्या दुकानांसमोर तिकडचे कॉलेजचे विद्यार्थी फलक घेऊन उभे राहिले होते. शर्ट शिवणाऱ्या बायकांना बाथरूमला तरी जाऊ देता का, असा त्यांचा सवाल होता. ब्रँडने ऑडिटर पाठवली.

जाऊ देत होतो, पण टोकनवर. एका लाइनला पन्नास मशीनं आणि सुपरवायझरच्या टेबलामागच्या खिळ्याला एक लाकडी टोकन. ते गळ्यात घालून जायचं, आल्यावर परत लटकवायचं. खिळा रिकामा असला की कुणीतरी गेलंय, थांबायचं. ही पद्धत मीच आणली होती. बायका पाणी कमी पितात हे मला दिसत होतं. मी ते कुठल्याही फॉर्ममध्ये लिहिलं नाही.

"राव, टोकन दिसता कामा नये," जनरल मॅनेजर सकाळी म्हणाले होते. "ऑर्डर गेली तर फॅक्टरीला टाळं."

"झालंय सर. बायकांनाही सांगून ठेवलंय."

टाळं लागेल असं सांगून मी बायकांना आठवडाभर घाबरवलं होतं आणि उत्तरं पढवली होती. बाथरूमला कधी जाता? वाटेल तेव्हा, मॅडम. मॅडमनी विचारल्यावर सगळ्यांनी चोख म्हटलं.

मग एक बाई उठली, टेबलामागे गेली, खिळा रिकामा बघून परत मशीनवर बसली. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी. काय बोलायचं ते मी शिकवलं होतं. आज खरंच जा, हे सांगायचं राहिलं होतं.

"या खिळ्याला काय असतं?" मॅडमनी विचारलं.

"कॅलेंडर," सुपरवायझर म्हणाला.

"कॅलेंडर नाही म्हणून तिघी परत बसल्या?"

कॉलरच्या मशीनवरून रत्नक्का उठली. पन्नाशीची बाई, नवरा नाही, घर तिच्या एकटीच्या पगारावर.

"अक्का, बस," सुपरवायझर पुटपुटला.

"सकाळपासून बसलेलीच आहे रे." दोघीतिघी हसल्या. ती मॅडमकडे वळली. "टोकन असतं. सरांच्या ड्रॉवरमध्ये आहे. लिहा. पण स्वल्प पुढचंही लिहा. ऑर्डर दुसऱ्या देशात नेलीत तर आम्ही घरी बसू, आणि तिथल्या बायकांच्या गळ्यात टोकन येईल. त्या फलकवाल्या मुलांना सांगा, आम्हाला काम हवंय आणि बाथरूमही हवंय. दोन्ही."

मशीनं थांबली होती. इतकी वर्षं मी खरं बोलणं की ऑर्डर, असाच हिशेब करत आलो होतो. दोन्ही मागता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि ज्या बाईचं सगळ्यात जास्त जाणार होतं, तिने ते साध्या आवाजात मागितलं. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून किल्ली काढली आणि टोकनं आणून टेबलावर ठेवली.

रत्नक्काचं बोलणं रिपोर्टमध्ये जसंच्या तसं गेलं. ब्रँडने ऑर्डर ठेवली, दोन अटींवर: टोकन बंद, आणि बोलणाऱ्या बाईच्या नोकरीला हात लावायचा नाही. काम काही कमी झालं नाही. "हे आधीच करायला हवं होतं," जनरल मॅनेजर मला म्हणाले.

नंतर मी रत्नक्काची माफी मागितली. "सरी, सर," म्हणजे ठीक आहे, एवढंच ती म्हणाली.

"अक्का, भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण मला जायचंही होतं."

आता मी दुसऱ्यांच्या फॅक्टऱ्या तपासतो. आत गेलो की आधी कोण उठतं, कुठे जातं, ते बघत बसतो. प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतो. उत्तरं कशी पढवतात ते मला माहीत आहे.