बांगड्या तिच्या फुटल्या, रान माझ्या नावावर

शुद्धलेखन माझं कच्चं, अक्षरही वेडंवाकडं. चौथीपर्यंतच शिकले. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागून लिहिते. सखू जुन्नरला वारली, हे मला डिंगोऱ्याला माहेरी कळलं, त्याला महिना झाला. सखू माझी सवत.

मला मूल झालं नाही, म्हणून मालकांनी मला माहेरी धाडलं आणि सासरी पिंपरी पेंढारला तिच्याशी पाट लावला. दुसऱ्या बायकोला तेव्हा सरकारची बंदी आली होती. कुणी तसं बोललं, तर एक पंच हसले, "सरकार काय भाकऱ्या थापायला येणार हाय का राव? गावानं मानलं, झालं!" आणि गावानं मानलंच. रान तिनं कसलं, मालक अंथरुणाला खिळल्यावर दोन वर्षं त्यांचं सगळं तिनं केलं. ते गेल्यावर मी पोचले, तोवर बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्याही होत्या. माझ्या हातांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही...

तेराव्यानंतर वारस लावायला तलाठी चावडीवर आले. सगळ्यांनी सखूकडे बोट केलं. तलाठ्यांनी मान हलवली. "गावाचं गावापाशी. कागदाला लग्नाची बायको लागती. आता हिनं रान लिहून दिलं, तरच तुझं."

सखू माझ्याजवळ आली. "अक्का, हो म्हना. निम्मं द्या, पर हो म्हना. मला दुसरं काय हाय वो?"

द्यावं असं मनात होतं. पण शेजारी माझा भाऊ बसलेला, समोर एवढे पुरुष... मी पदर ओढून खाली पाहत राहिले. नाव माझं लागलं. भावानं रान दुसऱ्याला वाट्यानं लावलं आणि सखू जुन्नरला कांद्याच्या वखारीत निवडायला गेली. तीन वर्षांत मी एकदाही तिच्याकडे गेले नाही.

परवा गेले. वखारवाल्याच्या बायकोनं विचारलं, "तुमी कोन तिच्या?" मी नुसतं गावाचं नाव सांगितलं. तिनं खोली उघडून दिली. आढ्याला बाजरीची कणसं टांगलेली होती, टपोरी, निवडून बांधलेली.

"त्या रानाची शेवटची सुगी," ती म्हणाली. "उपाशी झोपायची, पर त्याला हात लावू द्यायची न्हाई. अक्का आज ना उद्या हो म्हनल, मग पेरायला बी नको का, म्हनायची."

मी कणसं उतरवली नाहीत. रान भावानं वैशाखातच विकलं. सही माझी आहे.