कॉम्प्युटरचा पंखा

दुपारी मी इंटरनेटची वायर उपटून ठेवली. घरच्या कॉम्प्युटरवरच चालणारं एआय मॉडेल डाउनलोड केलं होतं. त्याला विचारलेलं घराबाहेर जात नाही. माझ्या तपासणीचा रिपोर्ट त्याला वाचायला दिला. एकेक शब्द अडखळत उमटू लागला आणि कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला. मला स्क्रीनकडे बघवेना. एवढ्याशा डब्यालाही माझी काळजी इतकी जड जावी?

आवाज ऐकून बायको हात पुसत आली. "अहो, केवढं तापलंय हे!" म्हणत तिने डब्यावर तळहात ठेवला, कपाळावर ठेवावा तसा.

मी घाईने स्क्रीन बंद केली. पंखा थांबेना; आत उत्तर लिहिलं जातच होतं. वायर काढली ती जगाला कळू नये म्हणून. पण खरं लपवायचं होतं ते हिच्यापासून, आणि हिचा हात अजून तिथेच होता.